घेटुळीतलं लोखंड

घरात कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. वसुंधराबाईंनी नातीचे पाय धरले होते, सुमेधनं हात धरले होते, आणि शलाका भरलेला चमचा सावरत इंचाइंचानं पुढे सरकत होती. अनुयाचं तोंड गच्च मिटलेलं. चमचा ओठांना लागला आणि...

टण्ण!

चमचा फरशीवर दोन उड्या मारून थेट कपाटाखाली गेला. त्यातलं लोहाचं औषध मात्र फार लांब गेलं नाही. समोर बसून सूचना देणाऱ्या अनंतरावांच्या शुभ्र बनियनवर, बरोबर काळजाच्या जागी, ते जाऊन बसलं.

"चला, आजचा डोस पोहोचला," अनंतराव खाली बघत म्हणाले. "पत्ता तेवढा चुकला."

सासरे असे बोलले की हसावं की रडावं हे शलाकाला लग्नाला सात वर्षं होऊनही ठरवता आलेलं नव्हतं. त्या दिवशी तिला रडूच येत होतं. शाळेतल्या तपासणीत अनुयाचं हिमोग्लोबिन नवाच्या खाली निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, हिरव्या भाज्या सांगितल्या आणि पोरीचे गाल ओढून म्हणाल्या, "गणपति के बाद फिर देखेंगे. दवा अंदर नहीं गई तो नस से देनी पड़ेगी."

त्या वाक्यातला एकच शब्द शलाकाच्या मनात रुतून बसला. नस. पहिल्या वेळी रक्त काढताना त्या काडीएवढ्या हातात नस सापडेपर्यंत तीनदा सुई टोचावी लागली होती. अनुया रडली त्याचं काही नाही. पण तिसऱ्या वेळी ती रडायची थांबली आणि नुसती आईकडे बघत राहिली. ते बघणं शलाकाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पुन्हा तसली वेळ येऊ द्यायची नव्हती. गणपतीपर्यंत आकडा वर जायलाच हवा होता.

आणि आकडा म्हटलं की अनंतराव जागे व्हायचे.

अनंतरावांची सगळी नोकरी रेल्वेच्या प्रयोगशाळेत गेली. डिझेल इंजिनातलं वंगणाचं तेल यायचं, ते तपासायचं. तेलात लोखंड सापडलं की समजायचं, इंजिन आतून झिजतंय. त्यांनी चार थेंबांवरून धडधाकट दिसणारी इंजिनं थांबवली होती, आणि त्याबद्दल वरिष्ठांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. निवृत्तीनंतर तपासायला इंजिनं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. दुधात पाणी किती, पाण्यात क्षार किती, मुलाच्या, म्हणजे सुमेधच्या, बोलण्यात तथ्य किती. जे मोजलं नाही ते त्यांच्या लेखी नव्हतंच.

बनियन बदलून ते परसात गेले आणि हातात एक वेल घेऊन आले. लालसर देठ, गोल गोल पानं, टाचणीच्या डोक्याएवढी गुलाबी फुलं.

"घेटुळी," ते म्हणाले. "पुनर्नवा. भुसावळला माझी आई हिची भाजी करायची. रक्तासाठी उत्तम."

"मग आहे की परसात. आज चिरते," वसुंधराबाई उठल्या. त्या लक्ष्मी गेटजवळच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. सात पिढ्या झाशीत. कामाला लागायचं तर लागावं, त्यावर परिसंवाद भरवू नये, असं त्यांच्या माहेरचं वळण.

"थांब! हिच्यात लोह किती आहे?"

"मला काय माहीत?"

"तेच म्हणतो मी. कुणालाच माहीत नाही." अनंतरावांनी मोबाइल पुढे केला. "हा म्हणतो पालकाएवढं. हा म्हणतो पालकाच्या वीसपट. आणि ही बाई म्हणते, हिच्या पाल्यानं तिची सासू चालायला लागली. असल्या भरवशावर मी माझ्या नातीला पाला घालू?"

"अहो, तुमच्या आईनं मोजून घातला होता का तुम्हाला?"

"म्हणून तर माझं हे असं झालं," अनंतराव म्हणाले, आणि यावर वसुंधराबाईंचं प्रथमच त्यांच्याशी एकमत झालं.

भाजी लगेच सुरू केली ती सासूबाईंनी, आपल्या लोखंडी कढईत. अनंतरावांनी आकडा शोधायला घेतला. ही कामाची वाटणी शलाकाला फार योग्य वाटली.

इलाइट चौराह्याच्या मागच्या गल्लीत एक खाजगी प्रयोगशाळा होती. मिठाईवाले तिथे मावा तपासून घेत. अनंतराव एका डब्यात घेटुळी घालून शलाकाच्या स्कूटीवर मागे बसून तिथे गेले. काउंटरवर कौशिक नावाचा तरुण होता. अतिशय नम्र, आणि संगणकापुढे अतिशय हतबल.

"बाबूजी, कैटेगरी बताइए. मावा, पनीर, मसाला, नमकीन?"

"वनस्पति."

"वनस्पति घी?"

"घी नहीं, भैया. पौधा."

कौशिकनं पुष्कळ खाली-वर करून 'अन्य' शोधलं. पण 'अन्य' दाबल्यावर संगणकाला आणखी प्रश्न पडले.

"बनाने वाले का नाम? ये खाली नहीं छोड़ सकते, बाबूजी."

अनंतरावांनी क्षणभर विचार केला. खोटं लिहून देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "ईश्वर," ते गंभीरपणे म्हणाले.

कौशिकनं टाइप केलं. "ईश्वर जी. सरनेम?"

शलाका बाहेर जाऊन स्कूटीचा आरसा पुसत उभी राहिली. परत आली तेव्हा ईश्वर जी लक्ष्मी गेटला राहायला गेले होते, अनंतरावांच्याच पत्त्यावर, आणि मालाची मुदत संपायची तारीख ठरत होती. शेवटी कौशिकनं डबा परत दिला. ओला पाला चालत नाही. पाव किलो सुकी पूड लागेल.

पाव किलो पूड म्हणजे कितीतरी किलो पाला. परसातली घेटुळी एका सकाळी संपली. मग शेजारच्या मधु भाभींच्या भिंतीलगतची. मधु भाभींना वाईट वाटलं ते वेलीचं नव्हे.

"शलाका, बुरा मत मानना," त्या हळूच म्हणाल्या, "पर इसको हमारे यहाँ गदहपूरना कहते हैं. बिटिया को चुकंदर खिलाओ. अनार खिलाओ. घर में कुछ कमी हो तो बताओ, संकोच मत करना."

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की मराठी बाबूजींकडे दिवस वाईट आलेत, भिंतीवरचं गवत खातायत. दोन घरांतून खीर आली. अनंतरावांचा स्वाभिमान इतका दुखावला की त्यांनी दोन्ही वाट्या खीर एकट्यानं संपवली.

"इथे नको," ते मिशा पुसत म्हणाले. "बरुआसागरला जाऊ. तिथे शेतांत हवी तेवढी आहे."

रविवारी अनंतराव, शलाका आणि अनुया बसनं बरुआसागरला गेले. तळ्याच्या अलीकडे एका आल्याच्या शेतात घेटुळी नुसती माजली होती. शेतकरी बांधावर बसला होता. परवानगी मागितल्यावर त्यानं असा काही चेहरा केला की जणू त्याच्याकडे कुणी दागिने मागतंय. मग मोठ्या मनानं म्हणाला, "ले जाइए. आप से क्या मना करें."

ते दुपारपर्यंत उपटत होते. शलाकाच्या नखांत माती गेली, अनुयाच्या केसांत. शेतकऱ्यानं मधे चहा दिला, एक ओळ राहिल्याचं दाखवून दिलं, आणि निघताना पोतं स्वतः रस्त्यापर्यंत आणून दिलं.

"अगले इतवार उधर वाला खेत भी देख लीजिए," तो हात जोडून म्हणाला. "उसमें और बढ़िया है."

बसमध्ये बसल्यावर शलाकाच्या लक्षात आलं, आपण त्याचं अख्खं शेत निंदून दिलं. तिनं सासऱ्यांकडे बघितलं. त्यांच्याही ते लक्षात आलेलं असावं, कारण ते खिडकीबाहेर फार एकाग्रतेनं बघत होते. पण अनुया आजोबांच्या मांडीवर पोत्याला मिठी मारून झोपली होती, आणि इतक्या दिवसांनी तिच्या गालांवर जरा रंग दिसत होता. उन्हाचाच असेल. तरी शलाकाला बरं वाटलं.

पाला सावलीत सुकवायचा, हा शास्त्राचा नियम. श्रावणात सावलीला तोटा नव्हता, पण ती ओली होती. म्हणून पाला घरात आला. आधी दिवाणावर, मग पलंगावर, मग सुमेधच्या उशीवर. सुमेध रेल्वेतली रात्रपाळी करून आला आणि कुठेच जागा नाही म्हणून पाल्यातच आडवा झाला. उठला तेव्हा त्याच्या गालावर तीन पानं चिकटलेली होती, आणि अनंतरावांनी ती मोजून परत घेतली.

एवढं करूनही पानं दमटच. शेवटी वसुंधराबाईंना दया आली. त्यांनी भाजीची लोखंडी कढई घेतली, पाला मंद आचेवर कोरडा केला, आणि कुटायला माहेरचा लोखंडी खलबत्ता काढून दिला. तो खलबत्ता त्यांच्या आजीचा. लहान मुलानं उचलू म्हणावं असा नव्हताच, मोठ्यालाही जपून उचलावा लागे. अनंतराव सकाळभर कुटत बसले. अनुया शेजारी बसून चिमटीनं पानं टाकायची.

या कामात एक गोष्ट आपोआप झाली. अनंतरावांनी माळ्यावरून आपली काचेची मापं काढली होती. त्यातल्या एका उंच, बारीक नळकांड्यात त्यांनी एके दिवशी अनुयाचं औषध ओतलं, प्रकाशाकडे धरलं आणि म्हणाले, "बाई, हा नमुना तपासायचाय. चव काय आहे, सांगा."

अनुयानं घेतलं. तोंड वाकडं केलं. "थोड़ा खट्टा, थोड़ा कील जैसा."

"शाबास. उद्या परत तपासू. एकदा तपासून भागत नाही."

शलाका दाराआड उभी होती. चमचा, पाय धरणं, हात धरणं, सगळं त्या दिवसापासून संपलं. तिला वाटलं, आत जाऊन त्या म्हाताऱ्याला नमस्कार करावा. पण प्रयोग चालू असताना बोललेलं त्यांना खपायचं नाही.

पूड प्रयोगशाळेत गेली. काही दिवसांनी निकाल आला. अनंतराव तो उभ्यानं वाचायला लागले आणि वाचता वाचता खाली बसले.

लोह पालकाच्या वीसपट नव्हतं. त्याच्याही कितीतरी वर होतं.

"वसुंधरा!" त्यांनी हाक मारली. एरवी 'अगं' म्हणणारा माणूस. "अगं, खजिना आहे हा! आपण खजिन्यावर चुना फासत होतो!"

पुढचे दिवस शलाकाला नीट आठवत नाहीत. आधी मधु भाभी आल्या, मग त्यांची जाऊ, मग गल्ली. ज्यांनी खीर पाठवली होती ते वाटी घेऊन पूड मागायला आले. कौशिक स्वतः घरी आला. "बाबूजी, ईश्वर जी से कहके थोड़ा मम्मी के लिए..." मैलभर परिसरात भिंतीवर घेटुळीचं पान उरलं नाही. बरुआसागरच्या शेतकऱ्याचंही नशीब उघडलं असावं.

त्यातच दामोदरकाका आले. मराठी लोकांच्या गणेशोत्सवाचे ते चिटणीस. मंडळात मराठी माणसं आता मूठभर, त्यात व्याख्यान देणारा दरवर्षी शोधावा लागे. "अनंतराव, दुसऱ्या दिवशी तुमचं व्याख्यान. 'घेटुळी: लोहाचं भांडार'. पत्रिकेत छापतोच."

अनंतरावांनी नाही म्हणायचा शिष्टाचार पाळला. जेमतेम अर्धं मिनिट.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी ते नवा सदरा घालून आरशासमोर "बंधु-भगिनींनो" म्हणून बघत होते. उरलेली पूड ताटात काढून ठेवली होती, दाखवायला. अनुया फ्रिजवरची चुंबकाची स्ट्रॉबेरी काढून त्या पुडीत चालवत होती.

"आजोबा," ती ओरडली, "देखो, इसको मूंछें आ गईं!"

स्ट्रॉबेरीला खरंच मिशा आल्या होत्या. काळ्या, बारीक, ताठ उभ्या.

अनंतरावांनी स्ट्रॉबेरी हातात घेतली. बोटानं मिशा पुसल्या. परत पुडीतून फिरवली. परत मिशा. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि खलबत्त्याच्या तळाशी हात फिरवून उभे राहिले.

"झाडातलं लोखंड चुंबकाला चिकटत नाही," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "हे झिजलेलं आहे. खलबत्ता झिजलाय. आयुष्यभर दुसऱ्याला विचारलं, भांडं कुठलं वापरलंस? आणि स्वतः..."

शलाकानं आधी अनुयाकडे बघितलं. तिला काळजी सासऱ्यांच्या अब्रूची नव्हती, हे तिनं मनाशी कबूल केलं. पाल्यात लोखंड नाही, तर इतके दिवस पोरीच्या पोटात काय गेलं? गणपती झाले की तपासणी होती.

"बाबा, तब्येत बरी नाही म्हणून कळवू या," सुमेध म्हणाला.

"नाहीतर बोलूच नका ते," वसुंधराबाई म्हणाल्या. "लोक पालेभाजी खातायत. कुणाचं वाईट होतंय का?"

अनंतरावांनी नव्या सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावली. "इंजिन थांबवायला मी कधी तब्येतीचं कारण दिलं नाही," ते म्हणाले, आणि स्ट्रॉबेरी खिशात टाकली.

संध्याकाळी मंडपात खुर्च्या भरल्या होत्या. मधु भाभी मराठी न कळताही पहिल्या रांगेत. अनंतराव उभे राहिले, बंधु-भगिनी विसरले, आणि सरळ म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचा आकडा सांगितला. हे लोह घेटुळीचं नाही. माझ्या आजेसासूबाईंच्या खलबत्त्याचं आहे." त्यांनी स्ट्रॉबेरी पुडीतून फिरवून उंच धरली. मिशा दिव्याच्या उजेडात चमकल्या. मग तेच सगळं त्यांनी मधु भाभींसाठी हिंदीतून परत सांगितलं. एकदा सांगून सुटले असते, पण दोनदा सांगितलं.

लोक माना उंचावून त्या मिशा बघायला लागले. शलाकाला त्यांच्याकडे बघवेना, आणि नजरही काढवेना. इतक्या लोकांसमोर इतका ताठ उभा असलेला लहानसा माणूस तिनं पाहिला नव्हता.

मागून एका आजींनी हात वर केला. "अनंतराव, तेवढं सांगा, असला खलबत्ता हल्ली कुठे मिळतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी रांग होती, खलबत्त्यासाठी. मधु भाभींनी तो दोन दिवसांसाठी नेला आणि त्यात कुटलेली आल्याची पेस्ट नवऱ्याला मानवली म्हणून आणखी दोन दिवस ठेवला. वसुंधराबाई मात्र बरेच दिवस नवऱ्याशी अगदी मऊ बोलत होत्या. त्यांच्या माहेरचं नाव असं भर मंडपात, आरतीआधी, कुणी घेतलं नव्हतं.

अनंतरावांनी नमुना पुन्हा पाठवला. पानं धुऊन, काचेवर सुकवून, दगडी पाट्यावर वाटून. ईश्वर जींच्या नावानंच. निकाल आला तो शलाकानं भीतभीत वाचला. लोह बेताचं. पालकाच्या थोडं इकडेतिकडे. कॅल्शियम बरं, पोटॅशियम चांगलं.

"फार नाही निघालं, बाबा," ती म्हणाली.

"फार नाही?" अनंतराव परसात गेले. लुटून नेलेल्या भिंतीच्या फटीतून नवी लाल देठं बाहेर आली होती. ते त्यांच्यासमोर चक्क उकिडवे बसले. "हिला कुणी पाणी घातलं? खत घातलं? पालकाला शेतकरी जन्मभर न्हाऊ-माखू घालतो. ही चुन्यातून, विटेतून जमेल तेवढं गोळा करते, कुणी मागितलं नसताना, आणि तरी पालकाच्या मांडीला मांडी लावून बसते. फार नाही म्हणे!" मग ते उठले. "पण कढई चालू ठेवा भाजीला. आणि वर लिंबू पिळा. आणि औषध तर तपासायचंच."

तपासणीच्या दिवशी अख्खं घर गेलं. सुमेधची ड्यूटी होती, म्हणून तो फोनवर आला. सुई बघून शलाकानंच तोंड फिरवलं. अनुयानं हात पुढे केला आणि त्या सुईवाल्या भैयाला विचारलं, "भैया, कौन से बरतन में लोगे?" भैया हसला, आणि नस पहिल्याच वेळी सापडली.

आकडा अकराच्या जरासा वर होता.

"नस वाली बात भूल जाइए," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क्या दिया इसको?"

"औषध," शलाका म्हणाली.

"कढईतली भाजी," वसुंधराबाई म्हणाल्या.

"तीनों चीज़ें एक साथ बदल गईं, इसलिए कहा नहीं जा सकता," अनंतराव म्हणाले. तिसरी कोणती ते त्यांनी सांगितलं नाही. पण शलाकाला माहीत होतं. ते काचेचं नळकांडं त्यांच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेलं होतं.

परतताना चौघं एका ई-रिक्षात दाटीवाटीनं बसली. इलाइट चौराह्यावर नेहमीसारखं सगळं अडकलं होतं. शलाकाच्या मांडीवर अनुया, अनुयाच्या दंडावर कापसाचा बोळा. तिनं पोरीच्या केसांवर हनुवटी टेकवली.

"मेरा ग्यारह है," अनुया रिक्षावाल्याला सांगत होती. मग वळली. "आजोबा, तुमचं किती?"

"तेरा पॉइंट चार. फेब्रुवारीत काढलंय."

"आजीचं?"

"बारा आहे हो माझं," वसुंधराबाई म्हणाल्या. "गुडघ्यांच्या वेळी काढलं होतं ना."

"बाबांचं?"

"चौदा," अनंतराव म्हणाले. "रेल्वे दरवर्षी बघते."

अनुयानं बोटांवर हिशोब लावला. आजोबा, आजी, बाबा, मी. एक बोट उरलं. ते तसंच वर धरून तिनं मान मागे टाकली आणि शलाकाच्या तोंडाकडे खालून बघितलं.

"आई, तुझं किती आहे?"